उताराचे देणे

बोरघाटाच्या लोहमार्गाविषयी आजवर जे पुष्कळ लिहिले गेले आहे, ते बहुतेक सारे चढाविषयी आहे. १८५६ साली सुरू झालेले काम, पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरात चढावयाची १,८३१ फुटांची उंची, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, सदतीस फुटांस एक फूट असा उभा चढ, मुख्य अभियंता जेम्स बर्कले याची योजकता, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच वारला असता त्याची पत्नी ॲलिस हिने काम तडीस नेण्याचा धरलेला आग्रह, आणि एका वेळी चाळीस हजारांवर गेलेली मजुरांची संख्या व त्यांच्यातून पटकीने उचललेले अगणित अनाम जीव, ही सारी कथा आमच्या वाचकांनी कोठे ना कोठे वाचलेली असेल. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला, आणि कोकण व देश लोखंडाने सांधले गेले. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु जी गाडी पुण्याकडे चढते, तीच दुसऱ्या दिवशी मुंबईकडे उतरतेही. त्या उतरण्याचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिला नाही. आम्हांस तो चढाच्या इतिहासाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, मनोवेधक वाटतो.

उतरण्यास काय पडते, असे कोणी म्हणेल. ओझे आपोआपच खाली येते. पण ज्यांनी जत्रेत देवाचा रथ ओढला आहे, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. जळगावच्या श्रीरामाच्या रथोत्सवात रथ ओढणारे शेकड्यांनी असतात. परंतु सर्वांचे डोळे असतात ते चाकांखाली मोगरी लावणाऱ्या मोजक्या माणसांवर. रथ ओढणे हे बळाचे काम, रथ आवरणे हे जोखमीचे. लाकडाची ती मोगरी चाकाखाली घासते, तापते, झिजते, आणि झिजता झिजता रथाचा वेग आपल्या अंगी घेते. आगगाडीचा ब्रेक म्हणजे मूळ कल्पनेत हेच. बिडाचा ठोकळा चाकाच्या धावेवर आवळावयाचा आणि गाडीच्या गतीची उष्णता करून ती वाऱ्यावर सोडून द्यावयाची.

आरंभीच्या काळी घाटात हे काम माणसे हाताने करीत. जड ब्रेकचे डबे गाडीस जोडलेले असत, आणि इंजिनाच्या शिट्टीसरशी त्यांतील माणसे चाके आवळीत. पुढे निर्वात पद्धतीचा अखंड ब्रेक आला, तरी भय गेले नाही. ठोकळे फार तापले की त्यांची पकड मंदावते, आणि जेथे पकड सर्वांत अधिक हवी तेथेच ती सुटू लागते. म्हणून या घाटात आवर सुटलेली गाडी वळवून घेण्यासाठी चढत्या दिशेच्या आडफाट्यांची योजना केलेली आहे. मंकी हिल, ठाकुरवाडी, जांब्रुंग या ठिकाणी उतरणाऱ्या गाड्या उभ्या राहतात, तेव्हा खिडकीतील प्रवाशांस तो निष्कारण खोळंबा वाटतो. तो खोळंबा म्हणजे गाडी आपल्या ताब्यात आहे याची ठायी ठायी घेतलेली परीक्षा होय.

आता ही वाया जाणारी उष्णता किती, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. एक हजार टनांची गाडी लोणावळ्याहून घाटपायथ्यास आली, म्हणजे ती सुमारे ५५८ मीटर खाली आली. एवढे वजन एवढ्या उंचीवरून उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती विजेच्या भाषेत सुमारे १,५०० युनिट भरते. महिन्यास शंभर युनिट वापरणाऱ्या पंधरा कुटुंबांचा महिनाभराचा दिवा, पंखा आणि पाणी त्यांत भागेल. यातील काही भाग चाकांच्या घर्षणात व वाऱ्याच्या विरोधात जाणारच; तो कोणासही वाचविता येणार नाही. उरलेला मोठा भाग मात्र ब्रेकच्या ठोकळ्यांत जळतो. आणि ही एका गाडीची एका वेळची गोष्ट झाली. १८६३ पासून १९२९ पर्यंत, सहासष्ट वर्षे, उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने हे धन घाटातील वाऱ्यास अर्पण केले.

त्यात कोणाचा दोष नव्हता. वाफेच्या इंजिनाचा व्यवहार एकमार्गी असतो. कोळसा जाळून गाडी वर नेता येते. गाडी खाली आणून जळलेल्या कोळशाचा पुन्हा कोळसा करिता येत नाही. विजेचे तसे नाही. विजेच्या मोटारीचा असा एक गुण आहे की, तिला वीज दिली तर ती फिरते, आणि तिला फिरविले तर ती वीज देते. यंत्र तेच, तारा त्याच, लोखंड तेच. केवळ देणारा कोण व घेणारा कोण एवढाच भेद. मोटार फिरत असताना तिच्या अंगी एक विरुद्ध दाब उत्पन्न होत असतो. बाहेरच्या तारेचा दाब त्याहून अधिक असेल, तोवर वीज आत येते व मोटार गाडी ओढते. उतारावर गाडीच मोटारीस फिरवू लागली आणि तिचा दाब तारेच्या दाबाहून वर गेला, की प्रवाह उलटतो. वीज मोटारीतून तारेकडे वाहू लागते. ती वीज उत्पन्न करण्यास जे बळ लागते ते चाकांतून घेतले जाते, म्हणून चाके आवरली जातात. ब्रेकही लागला आणि वीजही परत गेली. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेक म्हणतात. आम्ही त्यास सोयीसाठी परतीचा ब्रेक म्हणू.

आमच्या जुन्या शेतीस ही कल्पना अगदीच परकी नव्हती. विहिरीवरची मोट ओढताना बैल धावेवरून उतरत जातात, ते काही हौसेने नव्हे. त्यांच्या देहाचा भार उताराने खाली येतो, आणि तो मोटेतील पाणी वर आणण्यास साह्य करितो. जे खाली येते त्याने दुसऱ्यास वर न्यावे, हे सूत्र मोट हाकणाऱ्यास कोणा अभियंत्याकडून शिकावे लागले नाही.

विजेच्या वाहनांत हे सूत्र प्रथम रस्त्यावर आले. १८९० नंतरच्या दशकात पॅरिस येथे लुई आंत्वान क्रीगर याने घोड्यांच्या बग्ग्यांस पुढच्या चाकांवर विजेच्या मोटारी बसविल्या, आणि त्यांत थांबताना वीज साठ्याच्या घटांकडे परत नेण्याची सोय केली. इंग्लंडात जॉन रॅवर्थ याने विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रामगाड्यांसाठी अशीच पद्धती प्रचारात आणली. डेव्हनपोर्ट, बर्मिंगहॅम आदी नगरांत ती चालली. परंतु रॉटनस्टॉल येथे एक गंभीर अपघात झाल्यावर १९११ साली या पद्धतीवर तेथे बंदी आली, ती पुढे वीस वर्षांनी उठली. विजेच्या ब्रेकवरच सारी भिस्त ठेवू नये, हा या साऱ्या इतिहासात वारंवार घडलेला धडा आहे. तारेचा पुरवठा खंडित झाला, तर वीज घेणारा नाहीसा होतो, आणि घेणारा नाहीसा झाला म्हणजे ब्रेकही नाहीसा होतो. शिवाय गाडी मंदावत आली की मोटारीचा दाबही उतरतो. शेवटची पावले ठोकळ्यानेच थांबवावी लागतात. म्हणून परतीच्या ब्रेकने जुन्या ब्रेकची सुटी केली नाही, केवळ त्याचे ओझे हलके केले.

घाटांच्या रेल्वेस खरा मार्ग दाखविला तो कांदो काल्मान या हंगेरियन अभियंत्याने. इटलीत जिनोव्हा बंदरामागे ज्योव्ही नावाची खिंड आहे. बंदरातून उत्तरेस जाणारा सारा माल त्या खिंडीने चढतो. १९१० साली तेथे त्रिकला विजेची इंजिने धावू लागली. त्यांच्या मोटारींचा स्वभाव असा होता की, ठराविक गतीच्या किंचित खाली असता त्या ओढीत, आणि उतारावर त्या गतीच्या किंचित वर गेल्या की आपोआप वीज परत करून गाडीस आवरीत. चालकाने कळ फिरविण्याचेही कारण नव्हते. गाडीची गती जवळजवळ बांधलेली असे; चढतानाही तीच, उतरतानाही तीच. पुढे अमेरिकेत मिलवॉकी रेल्वेने रॉकी पर्वताच्या रांगांतील आपला मार्ग १९१५ पासून ३,००० व्होल्टच्या एकदिश विजेवर नेला, तेव्हा तेथेही उतारावर वीज परत घेण्याची व्यवस्था केली गेली. ही दोन उदाहरणे डोळ्यांपुढे असल्यावर सह्याद्रीसारख्या कड्यावरून दिवसरात्र गाड्या चढविणाऱ्या व उतरविणाऱ्या कंपनीस स्वस्थ बसणे कठीण होते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरावरून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी गेली. १९२९ मध्ये विजेच्या तारा बोरघाट ओलांडून पुण्यास पोहोचल्या, आणि थळघाटाने इगतपुरीसही लवकरच गेल्या. दाब १,५०० व्होल्ट, वीज एकदिश. त्याच सुमारास बोरघाटातील ते प्रसिद्ध उलट फिरण्याचे स्थानक, जेथे इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकास जोडावे लागे, नव्या आखणीमुळे कायमचे सुटले.

मालगाड्यांसाठी जी इंजिने आणली, त्यांपैकी पहिली स्वित्झर्लंडातील विंटरथूर येथे घडली व उरलेली इंग्लंडात. ती चाळीसांवर होती. दोन्ही अंगांस लांब नाके, मधे चालकाची खोली, चाकांना जोडणारे तिरके दांडे, आणि वळणावर मुरडता यावे म्हणून सांध्यांनी जोडलेला देह. युरोपात अशा इंजिनांस मगर म्हणत. आमच्या लोकांनी त्यांस खेकडा म्हटले. उभी असताना ती चमत्कारिक कण्हत आणि चालताना त्यांचे दांडे सपसप आवाज करीत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. नाव देणाऱ्याच्या कानास आम्ही नमस्कार करितो. सुमारे २,६०० अश्वशक्तीच्या या खेकड्यांस परतीचा ब्रेक होता. पहिल्या इंजिनास मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले होते. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

येथे एका अडचणीचा उल्लेख करावयास हवा. वरवर पाहता ती क्षुल्लक वाटते. एकदिश विजेवर चालणारी रेल्वेची मोटार सामान्यतः अशी असते की, तिचे चुंबकत्व तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावरच अवलंबून असते. ओढण्यास ती उत्तम, कारण जड ओझ्यापुढे ती अधिक जोर करिते. पण प्रवाह उलटला की चुंबकत्वही उलटू पाहते, आणि सारा तोल बिघडतो. म्हणून उतारावर तिचे चुंबक वेगळ्या लहान यंत्राच्या विजेने जागते ठेवावे लागतात, आणि चालकास गती, दाब व प्रवाह तिन्हींवर सतत नजर ठेवावी लागते. ज्योव्हीचे इंजिन आपोआप आवरे. एकदिश विजेचे इंजिन आवरणे ही एक विद्या होती.

दुसरी अडचण घेणाऱ्याची. परत आलेली वीज कोणी तरी त्याच क्षणी घेतली पाहिजे, कारण तारेत ती साठविता येत नाही. एक गाडी उतरत असता दुसरी चढत असेल, तर उतरणारीची वीज चढणारीस मिळते, आणि विहिरीवरच्या राहाटाप्रमाणे एक गाडगे दुसऱ्यास उचलते. चढणारी नसेल, तर वीज उपकेंद्रात जाऊन मूळ जाळ्यात मिसळली पाहिजे. जेथे फिरत्या रूपांतरयंत्रांनी एकदिश वीज केली जाते, तेथे हे साधते, कारण ती यंत्रे दोन्ही दिशांस चालू शकतात. जेथे पाऱ्याचे एकमार्गी रूपांतरक बसविले, तेथे वीज आत येते पण परत जात नाही. तेव्हा गाड्यांचे वेळापत्रक आखणाराही या व्यवहारात भागीदार असतो.

आणि ही वीज येत होती कोठून? रेल्वेने ठाकुर्ली येथे स्वतःचे कोळशाचे वीजगृह बांधले. परंतु मुंबईची फार मोठी वीज येई ती याच सह्याद्रीतून. लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांचे पाणी नळांतून सतराशे फुटांवर कोसळत खोपोलीस येते, आणि १९१५ पासून तेथे वीज उत्पन्न करिते. वाचकांनी क्षणभर हे चित्र मनासमोर आणावे. एकाच डोंगराच्या माथ्यावरून एकाच पायथ्याकडे पाणीही उतरते आणि गाडीही उतरते. हजार टन पाणी उतरल्याने जेवढे बळ निघते, जवळजवळ तेवढेच हजार टनांची गाडी उतरल्याने निघते. पाण्याच्या बळासाठी धरणे बांधली, कालवे खणले, पोलादी नळ टाकले. गाडीच्या बळासाठी काहीच बांधावयाचे नव्हते. ती रोज आपल्या पायांनी उतरतच होती.

या विजेचे मोल केवळ पैशांत नव्हते. मुळशीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि तुरुंगवास सोसला. धरण झालेच, गावे व भाताची खाचरे पाण्याखाली गेलीच, आणि १९२७ पासून त्या पाण्याची वीज भिरा येथे निघू लागली. ज्या युनिटासाठी कोणाचे तरी वडिलोपार्जित शेत गेले आहे, ते युनिट ब्रेकच्या ठोकळ्यात जाळणे आणि परत घेऊन दुसऱ्या गाडीस देणे, या दोहोंत आम्ही तरी हिशेबनीसाच्या वहीपुरताच भेद मानू शकत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. घाटातील १,५०० व्होल्टची व्यवस्था दीर्घकाळ टिकली. इगतपुरीकडील मार्ग २००६ मध्ये आणि पुण्याकडील २०१० मध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर गेला. तत्पूर्वी १९९५ च्या सुमारास भारतीय रेल्वेने युरोपीय त्रिकला इंजिने आणली व पुढे तशीच इंजिने चित्तरंजन येथे घडू लागली. यांत गंमत अशी की, या इंजिनांची मोटार म्हणजे मूलतः कांदोची ज्योव्हीतील मोटारच होय. तिची एकच खोड होती. ती ठराविक गतीस बांधलेली असे. अर्धवाहकांच्या साह्याने विजेची आवर्तने हवी तशी कमीजास्त करिता येऊ लागल्यावर ती खोड गेली, आणि गुण तेवढा उरला. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून आलेल्या नव्या गाड्याही थांबताना वीज परत करितात. तेथे घाट नाही. पण दर दोन-तीन मिनिटांनी स्थानक आहे, आणि भरधाव गाडी थांबविणे म्हणजे एक लहानसा घाट उतरणेच. दिल्लीच्या मेट्रोने २००४ ते २००७ या काळात अशा रीतीने एक लाख बारा हजारांवर मेगावॉट-तास वीज परत मिळविली, आणि त्यामुळे नव्वद हजार टनांवर कार्बन वायू हवेत जाण्यापासून वाचला, अशी संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखाली नोंद झाली. रेल्वेच्या जगात अशी मान्यता मिळविणारी ती पहिली संस्था ठरली.

रस्त्यावर क्रीगरचा प्रयोग बराच काळ विस्मृतीत गेला. स्वित्झर्लंडात १९५३ मध्ये इव्हेर्डों येथे एक विलक्षण बस सुरू झाली. तिच्या पोटात दीड टनांचे चक्र गरगरत असे, आणि थांबताना बसची गती त्या चक्रात साठविली जाई. ती १९६० पर्यंत चालली. जपानची प्रियस १९९७ मध्ये आली, बंगळूरची छोटी रेवा २००१ मध्ये. आता विजेच्या बसगाड्या मुंबई-पुण्याच्या हमरस्त्याने त्याच बोरघाटातून ये-जा करितात, आणि उतरताना आपल्या घटांत वीज भरून घेतात. घाटमाथ्यावर घट आधीच काठोकाठ भरलेला असेल, तर मात्र त्या बसची अवस्था १९२९ च्या खेकड्यासारखीच होते. घेणारा नाही, म्हणून देता येत नाही.

आमच्या वाचकांपैकी जे गोमंतकीय आहेत, त्यांना याहून जवळचा घाट आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण होण्यापूर्वी मुंबईकर गोवेकरास आगगाडीने मंगेशाच्या वा शांतादुर्गेच्या जत्रेस जावयाचे, तर बोरघाट चढून पुणे, मिरज, लोंढा असे करीत कॅसलरॉकला यावे लागे, आणि तेथून ब्रागांझा घाट उतरून कुळ्यास. एक घाट चढावयाचा, दुसरा उतरावयाचा. मधे १९५५ पासून १९६१ पर्यंत तीही वाट बंद. हा मार्ग पोर्तुगीज हद्दीत वेस्टर्न इंडिया पोर्तुगीज रेल्वेने १८८८ च्या सुमारास पुरा केला. चढ बोरघाटाच्या तोडीचा, आणि मधे दूधसागर.

या घाटास आम्ही मुद्दाम शेवटी ठेविले आहे, कारण त्याचे एक भावंड उत्तर ध्रुवाजवळ आहे. स्वीडनच्या किरुना येथील लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरास जाते. सरहद्दीवरून समुद्रापर्यंतचा उतार चाळीस किलोमीटरांवर थोडा, उंची पाचशे मीटरांहून किंचित अधिक. म्हणजे आमचा बोरघाटच. तो मार्ग १९२३ पासून विजेवर आहे. भरलेल्या गाड्या खाली येतात, रिकाम्या वर जातात. आजची इंजिने उतरताना जेवढी वीज परत करितात, तिच्या सुमारे पंचमांशात त्यांचा स्वतःचा खर्च भागतो. उरलेल्या विजेवर रिकाम्या गाड्या पुन्हा सरहद्दीपर्यंत चढतात, आणि त्यावरही काही शिल्लक राहून जाळ्यात जाते. डोंगराने खनिज दिले आणि त्याच्या वाहतुकीचा खर्चही दिला.

बळ्ळारी-होसपेटकडचे खनिजही अनेक वर्षे असेच भरून, असेच उतारावरून, मुरगाव बंदरास येत होते. पण त्या गाड्यांपुढे प्रथम वाफेची इंजिने होती, मग डिझेलची. डिझेलच्या इंजिनासही उतारावर मोटारी उलट फिरवून वीज उत्पन्न करिता येते व तिने गाडी आवरता येते. मात्र डोक्यावर तार नसल्याने ती वीज द्यावयाची कोणास? इंजिनाच्या छपरातील लोखंडी पट्ट्यांत ती जाळून टाकीत, आणि त्या तापू नयेत म्हणून त्यांच्यावर मोठा पंखा चालवीत. दूधसागराशी गाडी संथ होई, प्रवासी खिडक्यांशी गर्दी करीत, आणि कोसळत्या पाण्याच्या आवाजात तो पंख्याचा घुमारा ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी पश्चिम घाटावरून उतरणारे दोन प्रवाह एकाच वेळी ऐकले आहेत.